दुसरा फोटो न काढणारे सर

मला फोटोतलं काही कळत नाही आणि आता कळून घ्यायची हौसही उरलेली नाही. तरी रेंजफाइंडर कॅमेरा म्हणजे काय, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. बारामतीच्या कॉलेजात माझ्या टेबलाला टेबल लावून भूगोलाचे सर बसायचे. त्यांनी ते मला इतक्या वेळा ऐकवलं की माझा अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम विसरेन, पण ते विसरणार नाही. सर आता कॉलेजात नाहीत. त्यांच्या टेबलावर मूल्यांकन समितीसाठी केलेल्या फायली रचून ठेवल्यात. त्या कोणी उघडत नाही आणि उचलतही नाही. मी रोज त्यांच्याकडे बघतो आणि कंटाळतो.

तर रेंजफाइंडर. साध्या कॅमेऱ्यात माणूस भिंगातूनच बघतो. ह्यात बघायला भिंगाच्या वर, कोपऱ्यात, वेगळी खिडकी असते. त्या खिडकीच्या मधोमध एक लहानसा उजळ चौकोन आणि त्या चौकोनात समोरच्या माणसाची दोन चित्रं, एकमेकांपासून जराशी सरकलेली. भिंगावरची कडी फिरवत जायचं. दोन्ही चित्रं एकमेकांवर नीट बसली की फोटो नेमका येणार. "दोनाचं एक करायचं," सर म्हणायचे, "बाकी समदं कंपनीनं करून ठेवलंय."

हे वाक्य त्यांना कुठेही पुरायचं. वेळापत्रकावरून ग्रंथपाल आणि हेडक्लार्कची जुंपली की सर खुर्चीतून दोघांकडे आळीपाळीनं बघून म्हणायचे, "अजून दोनच दिसत्यात." प्राचार्य सभेत अर्धा तास बोलून थांबले आणि "कुणाला काही शंका?" असं त्यांनी विचारलं, तर सर हात वर करून तेच म्हणायचे. प्राचार्यांना ते कधी कळलं नाही. आम्हाला कळायचं, पण हसायचं त्राण नसायचं, कारण सभा दुपारी चारनंतर असायच्या.

सर मूळचे अंथुर्ण्याचे. फळ्यावर ते छापल्यासारखं शुद्ध लिहायचे आणि बोलायचे मात्र गावाकडचं. पहिल्या वर्षाची पोरं हसायची. दुसऱ्या वर्षी त्याच पोरांना त्यांच्याशिवाय कोणाचा तास आवडायचा नाही. लग्न केलं नव्हतं. भिगवण रस्त्याला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचे आणि न्हाणीघरातच फोटो धुवायचे. त्यामुळे रविवारी ते आंघोळ करत नसत. घरमालकीण बाई कपडे वाळत घालायच्या त्या दोरीवर, त्यांच्या लुगड्यांच्या शेजारी, चिमट्याला लावलेली फिल्म लोंबायची. बाईंनी सुरुवातीला आरडाओरडा केला. मग सरांनी त्यांचा एक फोटो काढून दिला, शेंगा निवडतानाचा, तेव्हापासून बाई दोरीवरची एक बाजू स्वतःहून मोकळी ठेवू लागल्या.

कॅमेरा ते कधी गळ्यात घालत नसत. भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली ठेवायचे. गळ्यात कॅमेरा दिसला की माणसं तोंड बदलतात, असं त्यांचं म्हणणं. मार्केट यार्डात गुळाचा सौदा चालू असायचा, हे पिशवी घेऊन आडत्यांच्या मागे उभे. बाहेर पडताना पिशवीत मेथी आणि एक फोटो. एकच. कधी दोन नाही. हे त्यांचं सगळ्यात मोठं खूळ. कोणाचाही असो, कसलाही असो, फोटो एकच काढायचा. डोळे मिटले तर मिटले. कोणी "अजून एक घ्या ना सर" म्हटलं तर ते कॅमेरा मेथीखाली घालायचे आणि म्हणायचे, "दुसरा फोटू म्हंजे पयल्यावर अविश्वास."

एकदा मात्र ह्या खुळानं त्यांना चांगलंच तोंडघशी पाडलं. आमच्या इतिहासाच्या सरांचा निरोपसमारंभ होता. शाल, श्रीफळ, गुलाबाचे हार, पोह्यांच्या प्लेटा, सगळं रीतसर. समारंभाचे फोटो म्हणून प्राचार्यांनी भूगोलाच्या सरांकडे खास सवलत मागितली होती, निदान दहाबारा तरी काढा. सरांनी ती दिली, पण प्रत्येक माणसाचा एकच, ह्या अटीवर. पुढच्या सोमवारी ते स्टाफरूममध्ये आले ते आंघोळ न केलेले आणि चेहरा पडलेला. संपूर्ण रोल कोरा. भिंगावरचं झाकण काढायलाच ते विसरले होते. आता कोणी म्हणेल, झाकण असताना अंधार दिसला नाही का? तर नाही. बघायची खिडकी वेगळी, भिंग वेगळं. खिडकीतून सगळा समारंभ लख्ख दिसत होता, दोनाचं एक होणंही बरोबर जमत होतं, आणि खाली भिंगावर झाकण घट्ट बसलेलं होतं. ही चूक फक्त असले कॅमेरे वापरणाऱ्यांच्याच नशिबी असते, असं त्यांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं.

दुसऱ्या कोणी माफी मागून विषय संपवला असता. ह्यांनी इतिहासाच्या सरांना घरी जाऊन गाठलं आणि सांगितलं, "तुमाला परत निवृत्त व्हावं लागतंय." आणि खरंच झालं ते. शाल घरून परत आणली. नारळाची चटणी होऊन गेली होती, म्हणून नवा नारळ आणला. आम्ही सगळे तेच कपडे घालून आलो. मला तर त्या दिवशी ताप होता, तरी आलो. सर म्हणाले, नुसतं उभं राहून चालायचं नाही, भाषणं पण करा, बोलताना तोंड जसं होतं तसं पायजे. मग भाषणं झाली. पहिल्या वेळी इतिहासाचे सर कागद बघून आभार मानून मोकळे झाले होते. दुसऱ्या वेळी कागद नव्हता. ते आपल्या वडिलांविषयी बोलले, पहिल्या पगाराविषयी बोलले आणि मध्येच त्यांना बोलवेना. तो फोटो आजही त्यांच्या बैठकीत आहे. त्यांची बायको सांगते, हे पहिल्यांदा निवृत्त झाले ते खोटं होतं.

हे सगळे दिवस फिल्मचे. पुढे फिल्म मिळेनाशी झाली. पुण्याचा दुकानदार आधी महिन्यानं द्यायचा, मग तीन महिन्यांनी, मग फोन उचलेना. जी मिळायची ती मुदत संपलेली. आणि त्याच सुमाराला सरांचे फोटो बिघडायला लागले. अंगणातली तुळस स्पष्ट, ओसरीची पायरी स्पष्ट, आणि दारात उभ्या माणसाचं तोंड मात्र धुरकट. सर आधी म्हणाले फिल्म जुनी आहे. मग म्हणाले औषधं भेसळीची आलीत. मग बारामतीच्या पाण्यावर आले. क्षार वाढलेत म्हणे. मग भिंगाला बुरशी लागली असं ठरवून त्यांनी ते आठवडाभर उन्हात ठेवलं. मी ऐकून घ्यायचो. वय झालं की माणूस कशाकशाला दोष देतो हे मला स्वतःवरून माहीत होतं. मी माझ्या गुडघ्यांसाठी कॉलेजच्या जिन्याला दोष देत होतो.

मग एके दिवशी सरांनी डिजिटल घेतला. मला खरंच वाईट वाटलं. स्टाफरूममध्ये तर दिवाळीच झाली. "आलात का लायनीवर!" म्हणून हेडक्लार्कनं पेढे मागितले. घेतला तोही वापरलेला, पुण्यातल्या एका दातांच्या डॉक्टरकडून. डॉक्टरांना त्याचा कंटाळा आला होता. दिसायला जुन्यासारखाच, जड, कोपऱ्यांवरचा काळा रंग जाऊन पितळ उघडं पडलेलं. बघायची खिडकी तीच, दोन चित्रंही तीच. फक्त फिल्मच्या जागी कार्ड आणि पाठीवर काडेपेटीएवढा पडदा. फिल्मचे जुने दोन कॅमेरे होते, ते त्यांनी विकून टाकले. फोटो धुवायच्या ट्रेमध्ये माती भरून कोथिंबीर लावली. न्हाणीघरातला लाल दिवा घरमालकीण बाईंनी मागून नेला आणि देवघरात लावला.

आणि मग सरांनी ते सुरू केलं, जे मला अजिबात आवडलं नाही. ज्या माणसानं काढलेला फोटो कसा आला हे महिनामहिना बघितलं नाही, तो आता फोटो काढला रे काढला की पाठीवरच्या पडद्याला नाक लावायचा. बटण दाबून दाबून मोठा करायचा, इतका मोठा की फोटोतल्या एका डोळ्यानंच पडदा भरून जावा. कोंबडी जमिनीवरचा दाणा बघते तशी मान वाकडी करून, एका बाजूनं बघत बसायचा. मला वाटलं, झालं, ह्यांनाही तो रोग लागला. मी एकदा बोललो देखील. "सर, तुम्हीच म्हणायचात ना, काढून झाला की सोडून द्यायचा?"

"म्हनायचो," ते म्हणाले आणि बघत राहिले.

त्यातही फोटो धुरकटच होते. आता दोष द्यायला फिल्म नव्हती, औषध नव्हतं, पाणी नव्हतं. सरांनी कॅमेऱ्याला दोष दिला. म्हणाले, खिडकी आणि भिंग ह्यांचा मेळ बिघडलाय, खिडकीत एक झालेलं भिंगात एक होत नाही. असं होतं म्हणे ह्या कॅमेऱ्यांत. पुण्याला दुरुस्तीला पाठवला. मेकॅनिकनं परत पाठवला, दोष नाही. पुन्हा पाठवला. पुन्हा दोष नाही, आणि ह्या वेळी सोबत मेकॅनिकनं स्वतः काढलेला एक फोटो, त्याच्या दुकानातल्या कॅलेंडरचा. त्यातली तिथीसुद्धा वाचता येत होती.

तो फोटो सरांनी मला वाचायला लावला, मोठ्यानं, वार, तिथी, नक्षत्र. मग ते मला गच्चीवर घेऊन गेले. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. पोरं गेली होती, रस्त्यावरून उसाच्या दोनदोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. मला घरी जायचं होतं. सर कठड्याला टेकून म्हणाले, "कॅमेरा बरुबर हाय. माजा डोळाच गेलाय."

"मोतीबिंदू असेल. काढून टाकतात हल्ली अर्ध्या तासात."

"मोतीबिंदू न्हाय. पडदा. डोळ्याच्या पडद्याचा मदला भाग गेला. दोनी डोळ्यांचा. दाखवून आलोय समद्यांस्नी. कडंकडंचं दिसंल म्हनले, आंधळं न्हाय व्हायचा तुमी. पर मदलं परत यायचं न्हाय." त्यांनी मेकॅनिकचा फोटो खिशात घातला. "आन् ह्या कॅमेऱ्याचा समदा कारभार मदीच हाय की ओ."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मोटारसायकल विकली होती, धुराचा त्रास होतो म्हणून. वर्गात ते हजेरी पोरांनाच घ्यायला लावू लागले होते. माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या खांद्यापलीकडे बघत बोलायचे, ते मला वाटायचं त्यांचं एक नवीन खूळ. इतक्या खुळांत एकाची भर पडली तर कोण मोजतो?

"आता आईका," ते म्हणाले. "भाऊबीजेला माज्यासंगं चला."

अंथुर्ण्याला त्यांची अक्का होती. थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच त्यांना वाढवलं, आणि लग्नही गावातल्या गावात करून घेतलं, भाऊ नजरेसमोर राहावा म्हणून. पहिला कॅमेरा घेतला त्या वर्षापासून दर भाऊबीजेला सर अक्काचा एक फोटो काढायचे. ओवाळून झालं की अक्का ताट हातात धरून दारात उभी राहायची, सर अंगणातल्या कडुलिंबाखाली एका ठरलेल्या जागी. एक फोटो. तो झाला की जेवायला बसायचं. सगळे फोटो त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. मी ते पाहिलेत. दार तेच, ताट तेच, आणि बाई एकेक दिवाळी पुढे सरकत जाते.

"दोन वर्सं अक्काचा फोटू गेला," सर म्हणाले. "दार आलं, ताट आलं, अक्का न्हाय आली. आवंदा जाऊन चालायचं न्हाय. तिला आता चार पावलं टाकली की धाप लागती. पुढच्या दिवाळीचं कुनी सांगावं? आवंदाचा नीट आला पायजे. तुमी नुसतं शेजारी उभं ऱ्हा."

"अक्काला माहितीय, डोळ्यांचं?"

"न्हाय. आन् तुमी बोलायचं न्हाय."

भाऊबीजेला माझ्या स्वतःच्या बहिणीनं मला बंगळुरूहून मोबाइलवर ओवाळलं. तिनं तिकडे निरांजन पडद्यासमोर फिरवलं, मी इकडे मान हलवली, आणि दोन मिनिटांत आमची भाऊबीज उरकली. मग मी गाडी काढली. भवानीनगरपासून पुढे रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला. लासुर्ण्याला एक बैलगाडी आडवी झाली होती, तिथेच आमचा बराच वेळ गेला. सर शेजारी बसून मांडीवरच्या पिशवीत हात घालून होते. कॅमेरा मेथीखाली नव्हता. मेथी आणलीच नव्हती. मी वाटेत त्यांना विचारलं, इतकं आहे तर भाच्याच्या मोबाइलवर काढून घ्या, आपोआप नीट येतो. त्यांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. मी पुन्हा विचारलं नाही.

अक्काचं घर रस्त्यापासून आत, डाळिंबाच्या बागेला लागून. भाचा लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला, त्याला त्या दिवशी सुट्टी होती. घर नवं, बैठकीत भिंतभर टीव्ही. अक्का पलंगावर बसली होती. लहान चणीची, डोक्यावरून पदर, पायांना सूज आलेली. मला बघून म्हणाली, "या, बसा. ह्याच्यासंगं काम करता व्हय? लई सोसलं असंल तुमी."

मी म्हटलं, सोसलं.

सुनेनं पाट मांडला, रांगोळी घातली. सर बसले. अक्का धापा टाकत उठली, सुनेला हात लावू दिला नाही. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी ओवाळली. मग निरांजनाचं ताट घेऊन ओवाळू लागली आणि मध्येच थांबली. ताट तसंच हातात.

"माज्याकडं बग," ती म्हणाली.

"बगतोय की."

"न्हाय बगत. माज्या कानाकडं बगतोयस. दोन दिवाळ्या झाल्या, तू माज्या तोंडाकडं बगत न्हाईस. मी काय बोलली न्हाय. म्हनलं, राग हाय तर आसूंदे. नातीच्या लग्नात तुला फेटा बांधायचा ऱ्हायला, आमाला गडबडीत कुनाला ध्येनात आलं न्हाय. माजीच चूक हाय. पर सख्ख्या भनीवर इतका राग धरावा व्हय रं?"

भाचा खाली मान घालून उभा राहिला. सुनेनं माझ्याकडे बघितलं. सर म्हणाले, "कसला फेटा?"

"फेटा रं. लग्नातला."

"अक्का, मला फेट्याचं ठावंच न्हाय."

"मंग कानाकडं का बगतोस?"

निरांजनातली वात तडतडली. अक्का ताट खाली ठेवत नव्हती. मग सर म्हणाले, आणि ते नेहमीसारखं मोठ्यानं नव्हे, "मला तुजं तोंड दिसत न्हाय, अक्का. डोळं गेलं मदनं. नीट समूर बगितलं की मदी काळा डाग येतो, तितं तुजं तोंड आसतंय. कानाकडं बगितलं की जरा जरा उमटतं. म्हनून कानाकडं बगतो."

अक्कानं ताट सुनेच्या हातात दिलं आणि पाटासमोर जमिनीवरच बसली. दोन वर्षं ह्या बाईनं भाऊ रागावलाय म्हणून मनात कुढत काढली होती, आणि दोन वर्षं हा माणूस तिच्यासमोर बसून तिचं तोंड शोधत होता. दोघांपैकी कोणी एक जण एक वाक्य जरी बोललं असतं तरी चाललं असतं. मला त्या दोघांचा राग आला.

"आदी सांगाया काय झालं हुतं?" अक्का म्हणाली.

"तू रडली आसतीस."

"आता काय करतीय मी?" तिनं पदरानं डोळे पुसले. मग तिला आठवलं. "आन् मंग फोटू कशाला काढतोस रं? दिसत न्हाय तर?"

"फोटूत दिसतं," सर म्हणाले. "फोटू मोट्टा केला की थोडं थोडं दिसतं. येक डोळा, मंग दुसरा, मंग नाक. आसं जोडीत जायचं. कागदावरच्या फोटूत ते हुईना. म्हनून तर ह्यो घेतला. पर फोटूच नीट येईना, मंग मोटा करून तरी काय बगनार, धूरच दिसायचा."

मला त्या काडेपेटीएवढ्या पडद्याला लावलेलं त्यांचं नाक आठवलं. फिल्म मिळत नाही, औषधं भेसळीची येतात, पाण्यात क्षार आहेत, ही सगळी त्यांनी आम्हाला दिलेली कारणं खरीही असतील. पण आयुष्यभर जपलेले कॅमेरे त्यांनी विकले ते ह्या एका तोंडासाठी. मोबाइलचं मी परत काढलं नाही. त्यांना त्यांच्याच कॅमेऱ्यानं काढायचा होता, आणि एवढा हट्ट करायचा त्यांचा हक्क होता.

अक्का भिंतीला धरून उठली. "चला," ती म्हणाली, "दारात उभी ऱ्हाते. ऊन उतराय लागलं."

ती ताट घेऊन दारात उभी राहिली. सुनेनं मागून तिला धरायला हात पुढे केला, तिनं तो झटकला. सर कडुलिंबाखाली आपल्या जागी गेले, कॅमेरा डोळ्याला लावला, कडी फिरवली, पुन्हा फिरवली. हात खाली आला. मला म्हणाले, "कडी तुमी फिरवा. दाबनार मी."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खिडकीतून बघितलं. चौकटीच्या बाहेरचंही दिसत होतं, डाळिंबाची बाग, वाळत घातलेली चादर, भाचा. आणि मधल्या उजळ चौकोनात दोन अक्का होत्या, एकीचं कुंकू दुसरीच्या भुवईवर आलेलं. मी कडी हळूहळू फिरवली. त्या एकमेकींकडे सरकल्या, जरा पुढे गेल्या, मी परत मागे आणल्या. कुंकवावर कुंकू बसलं. एवढं नाजूक काम मी कधी केलेलं नव्हतं. श्वास रोखून मी कॅमेरा सरांच्या हातात दिला. माझ्या जागी ते उभे राहिले, तसूभरही पुढेमागे नाही. भिंगावर झाकण नाही, हे मी दोनदा बघून घेतलं.

"अक्का, हालू नगंस."

"मी कवा हालते?"

अगदी बारीक आवाज झाला. सरांनी कॅमेरा खाली घेतला आणि दुसरा काढला नाही. मी म्हणणार होतो, अजून एक घ्या, खात्रीला. पण म्हणालो नाही.

सरांनी खिशातून कार्ड टीव्हीला जोडायची बारकी डबी काढली. तयारीनं आले होते ते. भाच्यानं ती टीव्हीच्या मागे लावली. पडद्यावर दार आलं, ताट आलं आणि दारात अक्का आली. धूर नव्हता. पदराच्या काठावरची वीण दिसत होती. सून "अगं बाई" म्हणाली. भाच्यानं रिमोटनं फोटो मोठा केला, अजून मोठा केला, भिंतभर अक्काचं कपाळ झालं.

सर टीव्हीच्या अगदी जवळ गेले. मान वळवून कडेच्या नजरेनं बघू लागले. "खाली घे," ते भाच्याला म्हणायचे, "आता उजवीकडं. हळू. थांब." कपाळ झालं. कुंकू झालं. एक डोळा, त्याच्या खालची सुरकुत्यांची घडी. मग दुसरा. नाकातली चमकी. ओठांच्या कोपऱ्यातली ती रेघ, न हसायचं ठरवलं की तिला पडते ती. मग बोळक्या तोंडाखालची हनुवटी. आम्ही सगळे उभे होतो, जेवणाचं कोणी काढलं नाही. अक्का पलंगावर बसून भावाच्या पाठीकडे बघत होती.

शेवटी सर म्हणाले, "अक्का, लई म्हातारी झालीस गं."

"व्हय रं बाबा," अक्का म्हणाली. "तुज्या देखतच झाले की."

सरांनी मान वळवली नाही. भाच्याला म्हणाले, "परत वरनं दाव."